चिमटीत धरलेली चादर

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पत्राला उशीर झाला, कारण पेन धरलं की तळव्यावरच्या भेगा उलतात आणि कागदाला रक्त लागतं. वाचताना किळस आली तर वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही येते. रोज सकाळी अंथरुणात खवल्यांचा सडा असतो. तो झाडताना वाटतं, रात्रभर मेलेल्या माशाशेजारी झोपले होते. सोरायसिस जायचा नाही, आटोक्यात राहील म्हणतात. अंगाला मलमाचा डांबरट वास येतो तो वेगळाच.

दुकानात नवीन प्रकार. गिऱ्हाइकाला घड्याळ मी माझ्या मनगटावर बांधून दाखवते ना? परवा एका बाईंनी माझं कोपर पाहिलं आणि मालकांना घड्याळ पुसून द्यायला सांगितलं. आता मी मागच्या खोलीत खोकी बांधते. मालक म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी.

आता खरं ते. तुमच्याकडून निघाले तेव्हा छत्री राहिली म्हणून जिन्यातून परत फिरले. तू बाळीला आंघोळ घालत होतीस. भाऊजी माझी चादर चिमटीत धरून, मान वळवून, कचऱ्याच्या पिंपात टाकत होते. पाठोपाठ माझा कप. हा रोग शिवून होत नाही, हे त्यांना जेवताना सांगितलं होतं. तेव्हा छान मान डोलावली होती! छत्री न घेताच आले.

आता तिकडे येणं नको. माया तेवढी पत्रातून पाठवत जा.

तुझी,
बारकी

ता. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. चादर धुवायला दिली, अशी मला थाप मारली होती यांनी. जाब विचारला तर म्हणे, घरात लहान मूल आहे. मग यांना कातडीच्या डॉक्टरांकडेच नेलं. त्यांनी नीट समजावलं, की हा शरीराच्या आतला घोळ आहे, कातडी भराभर तयार होते, इतकंच. यांना सगळं पटलं. आणि घरी येऊन काय केलं असेल? डॉक्टरांशी मिळवलेला हात साबणाने खसाखसा धुतला! मला त्या हाताकडे बघवेना.

रविवारी मी आणि बाळी येतोय. मावशीला दुखतं का, असं ती विचारत होती. आम्ही मोठ्यांनी ते कधी विचारलंच नाही.

माझा जीव तुझ्यात आहेच,
ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि घर खायला उठलं. बाळीला सांग, दुखतं, पण खाज जास्त छळते.

मालकांना बजावलं, खोकी बांधणार नाही. लांब बाह्या घाल म्हणाले. आखूड बाह्यांतच काउंटरवर उभी राहिले. दोघीजणी नाक मुरडून निघून गेल्या. मग एका आजोबांनी विचारलं, हे कशाने झालं. सांगितलं. हं, म्हणाले आणि मनगट पुढे केलं. मालक अजून घुश्शात आहेत. असू देत.

एक लिहू की नको, असं चाललंय. पाठीला माझा हात पोचत नाही, म्हणून आजवर मोजपट्टीला कापूस गुंडाळून मलम चोपडत होते. तू लावलंस तेव्हा कपाटाच्या आरशात दिसलं, की तूही तोंड फिरवलं होतंस. ओठ घट्ट मिटले होतेस. पण हात थांबला नाही, पार कमरेपर्यंत लावलंस. मला रडू आलं ते त्याचं. तू विचारलंस तेव्हा मी मलम झोंबलं म्हणाले.

पुढच्या महिन्यात परत ये. तोंड हवं तिकडे फिरव.

अशीच माया असू दे,
बारकी