शनिवारची झाकलेली मशीन

प्रिय आईस, लेकीचा दुरून नमस्कार.

काम अर्धवट असताना माणसाने स्वस्थ बसावं का? पदवी घेऊनही मला याचं उत्तर देता येत नाही. तू मात्र शुक्रवारी दिवस मावळला की एक बाही लावायची राहिली तरी शिलाई मशीन झाकायचीस. गिऱ्हाईक दारात आलं तर म्हणायचीस, "शब्बाथ आहे बाई, आमचा विसाव्याचा वार, रविवारी ये." मला तेव्हा लाज वाटायची.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक दिवशी. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत साहेब माझ्यावर खूश आहेत, म्हणून त्यांनी सलग नऊ शनिवार बोलावलं. नवव्या शनिवारी मी एका विहिरीचा अहवाल दुसरीच्या नावावर लिहिला. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी तो वेळीच पाहिला. म्हणाल्या, "अगं, डोळे उघडे ठेवून झोपतेस की काय?"

सोमवारी साहेबांना सांगितलं, यापुढे शनिवारी येणार नाही. ते म्हणाले, "मग बढती विसरा." मी "बरं" म्हटलं.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा म्हणतो, हल्ली तुझी मशीन शनिवारीही चालते. खरं का गं?

रागावू नकोस, पण तू शिवलेली निळी ओढणी मी शुक्रवारी मधोमध कापली. अर्धी माझ्या घरच्या संगणकावर झाकण म्हणून टाकली आणि काल शनिवारी दुपारभर झोपले. उरलेली अर्धी कडा दुमडून या पाकिटात घातली आहे. तुझ्या मशीनवर बरोबर बसेल.

तुझी ताजीतवानी लेक