गंजक्या घरगाडीची आणि आतल्या कडीची व्यवस्था

मी, अभिमन छगन बोरसे, वय वर्षे चोवीस, धंदा शेती, शिक्षण नववी पास, राहणार मौजे फागणे, तालुका व जिल्हा धुळे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. प्रकृती चांगली आहे. चहाखेरीज मी काही घेतलेले नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट, असले काही लिहू नको असा दबाव घरातल्या सर्वांनी आणला. तो मी मानला नाही.

मृत्युपत्र करण्याचे कारण असे की, उद्या सकाळी मी माझी गाडी घेऊन जळगावला, मेहरूणमध्ये, माझ्या सासरी जाणार आहे. माझी पत्नी सौ. सुनंदा दिवाळीला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. तिला आणायचे आहे. गाडी जुनी आणि परदेशी आहे, तिचा गंज मी काढला आहे आणि तिचे ब्रेक हिलाल मिस्त्रीने बसवले आहेत. शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे.

या कागदाचा नमुना शेजारचे कौतिकभाऊ यांच्या कैलासवासी वडिलांच्या मृत्युपत्रावरून घेतला आहे. त्यांनी घेऊ दिला याबद्दल मी आभारी आहे.

कलम १. शेत व घर. दोन्ही आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आहेत. त्यामुळे मला काही लिहिता येत नाही. त्या घरात माझी म्हणून एक खोली होती, तिच्याविषयी मात्र लिहितो.

वैशाखात आमचे लग्न झाले. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली आणि आबांनी कापूस आमच्या खोलीत भरायला सुरुवात केली. भाव वाढल्याशिवाय कापूस विकायचा नाही, हा आबांचा दरवर्षीचा नियम आहे. फागण्यात घरोघरी हेच चालते आणि गावातल्या सुनांना त्याची सवय आहे. सुनंदा जळगावची. आधी पलंगाखाली कापूस आला, मग पलंगाभोवती, मग पलंग दिसेना. काही दिवस आम्ही कापसावरच झोपलो. ती रात्रभर शिंकायची आणि मी रात्रभर तिला शोधायचो. शेवटी ती मायजवळ झोपू लागली आणि मी ओसरीवर आबांजवळ.

मी आबांना विचारले, "कापूस दुसरीकडे ठेवता येणार नाही का?"

आबा म्हणाले, "कोठे ठेवू? तुना डोकावर?"

जाताना सुनंदा एस.टी.च्या खिडकीतून मला म्हणाली, "आतून कडी लागेल अशी खोली झाली की मला कळवा. आबांना नको, मला." गाडी सुटल्यावर तिने पुन्हा डोके बाहेर काढले आणि म्हणाली, "आणि कडी हलणारी नको!" स्टँडवरच्या सगळ्यांनी ते ऐकले. त्यांना मी माफ करतो, पण कौतिकभाऊ अजूनही मला पाहून दाराची कडी हलवून दाखवतात. त्यांचा विचार मी पुढे केला आहे.

कलम २. घरगाडी. हीच माझी खरी इस्टेट. याआधी माझ्या नावावर सायकलसुद्धा नव्हती. धुळ्यात आग्रा रोडवर माझे लोटन मामा यांची लाकडाची वखार आहे. फार वर्षांपूर्वी लांब केसांचे एक गोरे जोडपे या गाडीतून आले. गाडी बंद पडली. वखारीत लावून, परत येतो असे सांगून ते एस.टी.ने गेले, ते अजून यायचे आहेत. गाडीत पलंग आहे, ओटा आहे, पडदे आहेत, वर उचलता येणारे छप्पर आहे. मामांनी ती मला लग्नात आहेर म्हणून दिली. तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. सुनंदा माहेरी गेल्यावर मी हसायचे थांबवले आणि ट्रॅक्टरने ती ओढून आणली.

ते गोरे जोडपे परत आल्यास त्यांना चहा द्यावा, गाडी दाखवावी, बसू द्यावे. देऊ मात्र नये.

माझे बरेवाईट झाल्यास आणि गाडी शाबूत राहिल्यास ती सौ. सुनंदा हिला मिळावी. गाडी जळगावपर्यंत पोहोचलीच नाही आणि ओढून परत आणावी लागली, तर आबांनी आधीच सांगून ठेवले आहे: "नही पोचनी ते मंग तिनामा कापूस भरी देऊत." आबा बोलतात तसे करतात. म्हणून उद्या गाडी पोहोचलीच पाहिजे, एवढे मी या कायदेशीर कागदावर लिहून ठेवतो.

कलम ३. लोटन मामा. गाडी आली त्या दिवशी हिलाल मिस्त्रीने तिचे तोंड तपासले. हिलाल मिस्त्री ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. त्याने पुढे पाहिले, सीटखाली पाहिले, जमिनीवर आडवे पडून पाहिले, मग उठून हात झटकले आणि चार लोकांसमोर म्हणाला, "इंजिन चोरी गये."

बिनइंजिनाचा आहेर दिला म्हणून मी धुळ्याला जाऊन मामांना वखारीतल्या गिऱ्हाइकांसमोर इंजिनचोर म्हणालो. मामा म्हणाले, "भाचा, मी इंजिन काढीसन काय करसू? चुल्हावर ठेवसू?" त्यानंतर त्यांनी आमच्याकडे येणे बंद केले.

पुढे एकदा माय पापड वाळत घालायला जागा शोधत गाडीच्या मागे गेली. तिथे एक झाकण होते ते तिने उघडले आणि ओरडली, "अरे अभिमन, आठे यंत्रमा मांजर व्यानी शे!" इंजिन मागे होते. मी मिस्त्रीला बोलावले. त्याने मांजर पाहिली, पिल्ले पाहिली, इंजिन पाहिले आणि जराही न लाजता म्हणाला, "मी सांगंच ऱ्हायंतू. गाडी उलटी शे. इन्हं तोंड मांगे शे."

इंजिनचोर हा शब्द मी मागे घेतो. माझे लग्नातले घड्याळ मामांना द्यावे.

कलम ४. हिलाल मिस्त्री. बंद इंजिन त्यानेच चालू केले. या गाडीच्या इंजिनाला पाणी लागत नाही, ते हवेने थंड होते. हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही. "पानी पेत नही ते जनावर कसानं?" असे म्हणून त्याने पाण्याचा डबा गाडीच्या पाठीला तारेने बांधला आहे, तिला कधी तहान लागलीच तर. गाडीचे तोंड मागे आहे या समजुतीने त्याने पहिली चाचणी उलटी घेतली आणि कौतिकभाऊंच्या कडब्याच्या गंजीत थांबला. रिव्हर्स गिअर त्या दिवसापासून लागत नाही. ब्रेकबद्दल तो म्हणतो, "तीन डाव दाब. चौथा डावले लागस." मी विचारले, चौथ्यांदा दाबायला वेळच मिळाला नाही तर? तो म्हणाला, "मंग देव शे ना." माझे पाने, कानस आणि हातोडी त्याला द्यावी. बहुतेक त्याच्याकडेच आहेत.

अपघात झाल्यास त्याला दोष देऊ नये. तो माझ्याबरोबर गाडीत असणार आहे. चाकाखाली लावायचा दगड मांडीवर घेऊन बसेन असे त्याने कबूल केले आहे.

कलम ५. गंज. गाडीतून गंज काढला तेव्हा गंजाबरोबर गाडीही निघू लागली. तळाला भोके होती, त्यांतून रस्ता दिसायचा. मी ती तेलाच्या डब्यांचे पत्रे लावून, रिबिटा मारून बुजवली. दोन्ही बाजूंनाही पत्रे मारले, त्यामुळे गाडी पोटाशी थोडी फुगली आहे. पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साईड, मग ट्रॅक्टरचा उरलेला निळा रंग. ब्रशचे केस रंगात राहिले आहेत, ते उपटू नयेत, रंग येतो. गादी नवीन भरली. तिच्यातला कापूस आबांनी दिला, काट्यावर मोजून. ओटा पाहून माय म्हणाली, "जठे झोपतस तठे रांधतस का कोनी?" पण जाताना दिवाळीची पितळी समई पुसून ओट्यावर ठेवून गेली. समई मायचीच राहील.

कड्या मी स्वतः बसवल्या. सगळ्या आतून. एकही हलत नाही.

कलम ६. नमुन्यात या जागी म्हशीचे कलम आहे. मला म्हैस नाही. कलम रिकामे दिसू नये म्हणून लिहितो की, मांजर आणि तिची पिल्ले पुन्हा इंजिनात शिरल्यास त्यांना काढताना मायला बोलवावे. मला मांजर चावते.

कलम ७. कौतिकभाऊ. माझा लग्नातला सफारी सूट त्यांना द्यावा. तो त्यांना पोटावर बसणार नाही, हे मला माहीत आहे.

कलम ८. पोस्टातले पुस्तक आणि माझे म्हणून जे काही निघेल ते सुनंदाला. तिला हेही सांगावे की मी कळवायला म्हणूनच निघालो होतो.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, बरोबर आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. कौतिकभाऊंनी कलम ७ वाचण्यापूर्वी केली.

सही : अभिमन छगन बोरसे
साक्षीदार : १) हिलाल मिस्त्री २) कौतिक माणिक पाटील
फागणे, दि. १८ फेब्रुवारी १९८८

पुरवणी

मृत्युपत्र करणारा जिवंत राहिल्यास पुढे काय लिहावे, हे नमुन्यात नाही. म्हणून मला सुचते तसे लिहितो.

गाडी मेहरूणला पोहोचली. पारोळ्यापर्यंत मी डोळे मिटले नाहीत, एरंडोलच्या पुढे हिलाल मिस्त्रीने उघडले नाहीत. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजत होता, तेवढे सोडल्यास तक्रार नाही. सासऱ्यांच्या, म्हणजे रुपचंद नानांच्या घरासमोर मी ब्रेक तीनदा दाबला. चौथ्यांदा दाबला तेव्हा गाडी फाटकात शिरली होती. तिथे तिचे पोट दोन खांबांमध्ये अडकले आणि ती थांबली. ब्रेक लागला की खांब लागले, यावर मिस्त्रीचे आणि माझे एकमत नाही.

पुढची चाके नानांच्या अंगणात आहेत आणि मागची रस्त्यावर. गाडी पुढे सरकत नाही. मागे जाण्याचा गिअर नाही. नाना खांब पाडू देत नाहीत, मी पत्रा कापू देत नाही. कंपाउंडच्या भिंतीवर नानांनी स्वतः काचा बसवल्या आहेत. त्यामुळे आता घरात जायची एकच वाट आहे: रस्त्यावरून इंजिनाच्या वरच्या मागच्या दाराने गाडीत चढायचे, आमच्या पलंगावरून पुढे सरकायचे आणि ड्रायव्हरच्या दाराने अंगणात उतरायचे.

सुनंदा बाहेर आली, तिने गाडीला डोळे भरून पाहिले. मग आत चढली आणि सगळ्या कड्या एकेक लावून, ओढून पाहिल्या. ती म्हणाली, "हलत नाहीत." त्या संध्याकाळी तिने तिची ट्रंक घरातून गाडीत आणली.

दुसऱ्या दिवशी नानांच्या थोरल्या बहिणीने, धुरपदा आत्यांनी, प्रश्न काढला की मी घरजावई झालो की नाही. फागण्यात हे कळले तर आबा माझे नाव टाकतील, म्हणून मी घाबरलो. आजूबाजूचे जमले. एकाने सांगितले, स्टिअरिंग प्लॉटमध्ये आहे म्हणजे झाला. दुसरा म्हणाला, पलंग रस्त्यावर आहे म्हणजे नाही झाला. आत्यांनी सगळ्यांना गप्प केले आणि मला विचारले, "जावईबापू, डोकं कोनीकडे करीसन झोपतस?"

मी म्हणालो, "रस्त्याकडे."

"मंग घरजावई नही," आत्या म्हणाल्या. "पाय सासरी शेतस, तेवढं चालस."

सुनंदा म्हणाली, "आत्या, कूस बदलली तर?" आत्यांनी तोंडाला पदर लावला आणि निकाल तिथेच राहिला.

खांबांतून गाडी सोडवायला हिलाल मिस्त्री फागण्याला ट्रॅक्टरचा मोठा जॅक आणायला गेला आहे. त्याला एस.टी.त बसवायला सुनंदा स्वतः गेली होती. तिने त्याला दशम्यांचे गाठोडे दिले आणि सांगितले, "सावकाश या, भाऊ. शेतीची कामं असतील." तो अजून आलेला नाही.

रोज सकाळी नाना पिशवी घेऊन बाजारातून येतात आणि रस्त्यावर उभे राहून मागच्या दारावर टकटक करतात. "सुनंदा, कडी काढ गं. कोथिंबीर सुकते."

"थांबा नाना," ती आतून म्हणते. तिच्या आवाजात घाई नसते.

म्हणून, कलम २ मधली कापसाविषयीची आबांची अट मी रद्द समजतो, कारण गाडी पोहोचली. अडकली ही वेगळी गोष्ट आहे. गाडी माझ्या हयातीतच सौ. सुनंदा हिच्या मालकीची झाली, असे धरावे. माझा तिच्यात राहण्याचा हक्क तिने तोंडी मान्य केला आहे. बाकी कलमे जशीच्या तशी. सफारी मात्र कौतिकभाऊंना आता मिळणार नाही, तो मलाच लागणार आहे.

सुनंदाला यातून लाभ होत असल्याने तिला साक्षीदार करता येत नाही, असे नाना सांगतात; मिस्त्री आणि कौतिकभाऊंच्या वेळी हे मला माहीत नव्हते. ती बाजूला बसून हसते आहे. नानांची सही खिडकीतून घेतली, कारण कडी लागलेली आहे.

सही : अभिमन छगन बोरसे
साक्षीदार : १) रुपचंद नाना देवरे, रस्त्यावरून २) धुरपदाबाई, अंगणातून, अंगठा
दि. २४ फेब्रुवारी १९८८
स्थळ : मेहरूण. थोडे प्लॉटमध्ये, थोडे रस्त्यावर, मधले आमचे.