शेळी क्रमांक एकेचाळीस

४ मार्च
१. निरोगी शेळ्यांच्या दुधात सोनेरी जिवाणू वाढताहेत. स्टॅफिलोकोकस ऑरियस. सगळ्या प्लेटांवर एकच वाण.
२. कासदाह झालेल्या मेंढ्यांच्या दुधात दुसरेच जिवाणू. सोनेरी एकही नाही.
३. मेंढ्यांचे नमुने गोठा सांभाळणारे काका घेतात. शेळ्यांचे मी.
४. म्हणून आज स्वतःच्या नाकातला स्वॅब घेतला.
५. नळीवर 'मेंढी' किंवा 'शेळी' लिहिल्याशिवाय आमचं यंत्र नमुना स्वीकारत नाही. तिसरा पर्याय नाही. शेळ्या चाळीस आहेत. मी 'शेळी ४१' लिहिलं.

६ मार्च
माझ्या नाकात तोच वाण. भरघोस!

उकडतं म्हणून नमुने घेताना मास्क खाली ओढायची सवय. म्हणजे चाळीस निरोगी शेळ्यांच्या दुधात जे सापडलं, ती मी.

साहेबांना सांगायला गेले. यंत्रात नोंदवलेला निकाल माझ्याआधीच मुख्य कार्यालयाला पोचला होता. साहेब खुशीत. एकेचाळीस नंबर कुठे बांधलाय, विचारलं. समोर उभी आहे, म्हटलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. नोंद मात्र शेळीची आहे, म्हणाले.

८ मार्च
मुख्य कार्यालयाचा आदेश: शेळी ४१ वेगळी बांधावी, दोन्ही सडांत औषध सोडावं, पुन्हा तपासावी. सोबत औषधाच्या दोन नळ्या आणि तिच्या वाटणीची पेंड.

नाकासाठी मलम मी डॉक्टरांकडून आणलं. वेगळी बसते आहे — भांडारात, रिकाम्या पिंपांच्या शेजारी. पेंड काकांनी सात नंबरला घातली. आधी मला विचारायला आले होते. तुमच्या वाटणीची आहे ताई, म्हणाले. हसले नाहीत.

९ मार्च
कार्यालयाला कळवलं की शेळी ४१ अशी कुणी नाही, ती मी आहे. दुपारीच उत्तर. शेळी जागेवर नसल्यास मेली असं धरण्यात येईल. कातडं जमा करावं.

मी आत्याकडे राहते. जेवताना तिला सांगितलं.

"देऊ नकोस हं लगेच," आत्या म्हणाली. "आधी पावती माग."

१३ मार्च
दुसऱ्या स्वॅबची प्लेट. सोनेरी ठिपके कमी, पण आहेत. 'आढळले नाहीत' लिहिता आलं असतं. लिहिलं नाही.

१४ मार्च
उपचारांना दाद न दिल्याने शेळी ४१ कत्तलीला. गाडी शनिवारी, २३ तारखेला.

साहेब दिवसभर फोनवर. आता तरी दुरुस्ती होईल.

१५ मार्च
झाली. साहेबांनी बाजारातून एक शेळी आणवली! तपकिरी, तरुण, दुभती. कानात बिल्ला — ४१. टोचल्याचं रक्त अजून ओलं.

हिला काहीही झालेलं नाही, मी म्हटलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

"तुमची नोकरी वाचवतोय मी. एका शेळीवर भागतंय, भागू द्या की."

बाहेर काका तिला पाणी पाजत होते. मी तिचं दूध तपासायला मागितलं. मी हात लावायचा नाही, याची आठवण त्यांनीच करून दिली, आणि स्वतः काढून दिलं.

१८ मार्च
तपकिरीची प्लेट कोरी. एक ठिपका नाही. या अख्ख्या अभ्यासातली एकुलती एक.

साहेबांना दाखवली. छान आहे, म्हणाले; पण निकाल आधीच गेलाय.

निकाल माझा आहे. मान तिची जाणार.

रात्री जेवले नाही. आत्याने ताट झाकून ठेवलं.

१९ मार्च
बिल्ला कापून काढला. तपकिरी आत्याच्या अंगणात बांधली आहे. काकांनी पोचवली.

मुख्य कार्यालयाला लिहिलं, प्रत साहेबांना:

शेळी ४१ मीच आहे. बिल्ला माझ्या कोटाला लावला आहे. शनिवारी फाटकाशी उभी राहीन. गाडीत चढवायला माणसं लागणार नाहीत. न्यायचं नसल्यास शुक्रवार, २२ तारखेपर्यंत लेखी कळवावं.