जागा सोडलेलं अक्षर

बाबा, तुमची आपल्या बोलीतल्या शब्दांची फाईल परवा एकदाची उघडली. तुमचा तो जुना हिंदी फॉन्ट आता कुठल्याच मशीनवर चालत नाही, म्हणून सगळा मजकूर मी जागतिक मानकात आणला. कुठल्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा, म्हणजे इथलं लिहिलेलं जगात कुठेही तसंच दिसेल, हे ठरवणाऱ्या समितीवर मी बसते, हे तुम्हाला माहीत होतंच. फाईल उघडली तर 'शा◌ा', 'के◌ी', 'डो◌ा'. पानंच्या पानं काने आणि वेलांट्या ठिपक्यांच्या गोलावर लटकलेल्या. अक्षर नसेल तिथे असा गोल दाखवायचा, हाही आमच्याच लोकांचा नियम.

मध्य प्रदेशातल्या आपल्या सौंसरच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी तुमचं टेबल. शाळेत शिकवून येऊन तुम्ही टाइप करताय. फॉन्टमध्ये ळ नाही, म्हणून जागा सोडता, प्रिंट काढता आणि रविवारी ते कागद घेऊन कधी मोहगावला, कधी तिगावला जाता. म्हाताऱ्या माणसांना एकेक शब्द बोलायला लावता. कोणी शाळा म्हणतं, कोणी शाया. जसं ऐकलं तसं त्या जागेत पेनाने ळ नाहीतर य भरता, पुढे गावाचं नाव. मला तो रिकामा उद्योग वाटायचा. "साऱ्या जगाचे नियम बनवून राहिली तू," तुम्ही एकदा म्हणालात, "अन् बापाच्या मशीनीत एक ळ नाही आणता येत तुले?" मी म्हणाले, "मानकात ळ केव्हाचा आहे, बाबा. तुमचा फॉन्टच टाकाऊ आहे." तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि चहा मागितलात. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज त्याची किळस येते.

आता त्या गोलांत ळ भरू की य? ज्यांना विचारायचं ती माणसं गेली, तुम्हीही गेलात. आणि मी अजून समितीत ठासून सांगते, की एकदा क्रमांक मिळाला की अक्षर हरवत नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते. तुमच्यानंतर घर आवरलं तेव्हा आईने पेनाने भरलेल्या त्या कागदांचं विचारलं. वाळवी लागली होती, असं मी तिला सांगितलं. लागली नव्हती, बाबा. फाईल आहे तर कागद कशाला, म्हणून मीच ते रद्दीत दिले. आई अजून दर उन्हाळ्यात तुमच्या रिकाम्या कपाटाला वाळवीचं औषध लावते.