आठवी ओळ

१४ सप्टेंबर
फ्रेंच सासुरवाडीत द्राक्षांची तोडणी सुरू! पिनो न्वार म्हणजे द्राक्षांतली लाडावलेली नायिका. ऊन वाढलं की करपते, पाऊस आला की कुजते, थंडी पडली की रुसते. यंदा एप्रिलच्या हिमाने निम्मा बहर खाल्ला. आमच्या सात ओळींतून जेमतेम एक पीप वाईन होणार. ओदीलची वर्षभराची तपश्चर्या त्या एका पिपात — आणि मजुरांवर देखरेखीला तिने नेमलंय मला. पत्नीची श्रद्धा अगाध असते.

१५ सप्टेंबर
मी आठ ओळी तोडून घेतल्या.

आठवी ओदीलच्या भावाची, तिबोची. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. सासऱ्यांनी वाटणीचा एक दगड रोवला आणि वैकुंठाला गेले. शाळेतली संस्कृत शब्दरूपं अजून तोंडपाठ आहेत माझी, पण सातपर्यंत मोजता येत नाही! कळलं तेव्हा सगळी द्राक्षं पिपात पडलेली.

ओदील एवढंच म्हणाली, "शाब्बास."

१६ सप्टेंबर
तिबो आला. नऊ वर्षांनी आमच्या उंबरठ्याच्या आत! वडिलांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला कुठली बाटली उघडायची, यावरून भावंडांचं बोलणं बंद झालं होतं. वैराला कारण असावं तर असं उदात्त.

आजही बोलला तो माझ्याशीच. "जावईबुवा, बायकोला सांगा, माझी द्राक्षं परत हवीत."

ओदील हातभर अंतरावर. "त्याला सांगा, पिपातून वेचून ने म्हणावं."

"मग अख्खं पीपच नेतो, सांगा तिला!"

मी दोघांचं भाषांतर करत होतो — फ्रेंचमधून फ्रेंचमध्ये. पिपात रस फसफसत होता. भावाचा कुठला, बहिणीचा कुठला? शास्त्रार्थाविना अद्वैत सिद्ध झालेलं!

१९ सप्टेंबर
कागदोपत्री पुरावा हवा म्हणून तिबोने मोजणीदाराला बोलावलंय. ओळ तिबोची ठरली की पीप गेलं. ओदील दिवसातून दोनदा वर आलेला चोथा खाली दाबते, चव घेते. "आजवरची सगळ्यांत चांगली होतेय," म्हणते — आणि माझ्यावर चिडते.

२४ सप्टेंबर
मोजणी झाली. दगडच चुकीच्या जागी! आठवी ओळ पहिल्यापासून आमची. तिबो नऊ वर्षं आपली समजून तिच्यात राबला. म्हणजे माझी चूक शास्त्रशुद्ध होती!

तिबोने टोपी घातली आणि निघून गेला. या वेळी माझ्याशीही बोलला नाही.

पीप वाचलं. मी विजयाप्रीत्यर्थ बाटली उघडली. ओदीलने आपला पेला पालथा घातला.

१२ जानेवारी
गोठवणारं धुकं. आठव्या ओळीत कुणीतरी वाकलेलं — तिबो! छाटणी करत होता. मी धावत गेलो, माझ्यामागून ओदील.

"अहो, ही ओळ आता आमची!" मी ओरडलो.

"ठाऊक आहे." मग मला ओलांडून थेट तिच्याकडे बघत म्हणाला, "तुझी छाटणी बघवत नाही मला. उभी काय राहिलीस? कात्री आण."

ओदील धावत गेली.