दीड वेढा कमी

चि. खुडबुड्यास,

तुला आणि सूनबाईला आत्याचे आशीर्वाद. (सूनबाईला पूर्ण, तुला निम्मे.) तुम्हा दोघांची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते. तुझ्या मनगटावर मागे पाना निसटून लागला होता, ते बरं झालं का? झालं नसेल तर फारच छान. म्हणजे ग्राइंडर उचलताना एक कळ येईल आणि तिच्याबरोबर आत्याचीही आठवण येईल. माझ्या तब्येतीचं म्हणशील तर रक्तदाब डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा वर आहे आणि गाडी कंपनीने सांगितल्यापेक्षा खाली आहे. दोन्ही कामं तुझीच.

फोन न करता पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘आत्या, ऐक तर’ म्हणून तू जे सुरू करतोस ते संपेपर्यंत माझा राग निवतो, आणि या खेपेला मला तो निवू द्यायचा नाही. कागदाला ‘ऐक तर’ म्हणता येत नाही, हा कागदाचा मोठा गुण आहे.

तर सोमवारी मी माझी शिकवणीची गाडी तुझ्या गॅरेजात सोडली. सोबत चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एकच काम होतं, क्लच प्लेट बदलणे, आणि खाली माझी सही. त्यात ‘जमल्यास गाडी जमिनीला टेकवणे’ असं कुठे लिहिलं होतं ते मला दाखव. बुधवारी संध्याकाळी तुझ्या माणसाने गाडी दारात आणून लावली (तू स्वतः आला नाहीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती). मला वाटलं चारही टायर बसले. मी हवा भरायचा पंप घेऊन बाहेर आले आणि शेजाऱ्यांसमोर चांगल्या भरलेल्या टायरांना लाथा मारून बघत उभी राहिले. मग तुला फोन केला, तर तू इतका खुशीत की मला आधी वाटलं तुमच्या घरी काही गोड बातमीच आहे. तर नाही! चारही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापून टाकलास म्हणे. आत्याला भेट! गाडी आता वळणावर डुलणार नाही, रस्त्याला चिकटून जाईल, शिवाय ऐटबाज दिसेल. अरे, त्या गाडीच्या टपावर हातभर अक्षरांत ‘शिकाऊ’ असं लिहिलेलं आहे. तिने ऐट कुणापुढे मारायची? आणि मी काही म्हणायच्या आत ‘थँक्यू नको म्हणू’ असं सांगून तू फोन ठेवलास. मी थँक्यू म्हणणार नव्हते.

आता तुला माझं काम समजावून सांगणं आलं, कारण अठ्ठावीस वर्षांत ते तू कधी विचारलेलं नाहीस. (तुला स्वतःला गाडी मीच शिकवली. तेव्हाही तू माझं न ऐकता बॉनेट उघडून बसायचास.) माझी सगळी विद्या खुणांवर उभी आहे. नवीन माणसाला अंतराचा अंदाज नसतो, म्हणून मी त्याला खूण देते. गाडी मागे घेताना फुटपाथची कड आरशाच्या खालच्या काठाला टेकली, की थांबायचं आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं. ही खूण डोळा किती उंचीवर आहे त्यावर ठरते. गाडी चार बोटं खाली आली की डोळा चार बोटं खाली येतो, आणि आरशात खूण जुळेपर्यंत चाक फुटपाथला जाऊन भिडलेलं असतं. म्हणजे तू नुसत्या स्प्रिंगा कापल्या नाहीस, माझी अख्खी बाराखडी कापलीस.

आणि वेळही काय साधलीस! गुरुवारी सकाळी आठला माझ्या एका विद्यार्थिनीची परीक्षा होती. नाव सांगत नाही, पण साठीच्या जवळ आलेली बाई आहे आणि आठ महिने माझ्याकडे नेमाने शिकते आहे. पहिल्या परीक्षेत तिने भीतीने गाडी तीनदा बंद पाडली. दुसऱ्यात एक कुत्रं आडवं आलं, ते रस्त्याच्या मधोमध विचार करत उभं राहिलं आणि त्याचा विचार पक्का होईपर्यंत बाईने गाडी हलवली नाही. (मागे अकरा गाड्या होत्या.) ही तिसरी खेप. तिसऱ्यांदा नापास झालं की दोन महिने परीक्षा देता येत नाही, आणि या बाईकडे दोन महिने थांबण्याइतकी चिकाटी असली तरी तिच्या पायांकडे नाही. तिला परवाना हौसेसाठी नको आहे, गरजेसाठी हवा आहे. दुसरी गाडी एका रात्रीत आणायची कुठून? मनाचा हिय्या केला आणि तुझी ती चिकटून जाणारी गाडी घेऊन गेले.

निरीक्षक उंचापुरा माणूस. बसताना त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं आणि बसल्यावर गुडघे हनुवटीशी आले. त्याने बाईला उतरून दिवे तपासून दाखवायला सांगितलं. बाई उतरेना. म्हणजे उतरायला बघत होती, पण सीट इतकी खाली गेलेली की पाय जमिनीवर आणि बाकीची बाई आत. एक हात दाराला, एक हात टपाला, तिसऱ्या झटक्याला ती उभी राहिली आणि निरीक्षकाकडे बघून हसली. त्याने घड्याळ बघितलं. पुढे स्पीडब्रेकर. आम्ही तिघंच होतो गाडीत, तरी मागून असा दणका बसला की मागच्या सीटवर माझे दात एकमेकांवर आपटले आणि निरीक्षकाच्या पेनाने अर्जावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. वळणावर टायर मडगार्डला घासून किंचाळला. खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबायला सांगितला, तर चाकं रस्त्याला धरून राहायची सोडून टणटण उड्या मारत गेली आणि गाडी हवी तिथून हातभर पुढे थांबली. सगळ्यात शेवटी गाडी मागे लावणं. बाईने माझी खूण अक्षरशः पाळली. कड आरशाला टेकली, बाई थांबली, तोवर मागचं चाक फुटपाथवर चढलेलं होतं.

तिने इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि निरीक्षकाची माफी मागितली. खुडबुड्या, तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काडीची चूक नसताना त्या बाईने खाली मान घालून माफी मागितली, आणि ज्याने ती मागायची तो गॅरेजात शीळ घालत होता. मी मागच्या सीटवरून निरीक्षकाशी भांडले. (तो आधी म्हणाला, मागे बसलेल्यांनी बोलायचं नसतं. नंतर पेनाला टोपण लावून ऐकू लागला.) शेवटी तो खाली उतरला, वाकून चाकांवर उरलेली जागा बघितली आणि म्हणाला, गाडी परीक्षेच्या लायकीची नाही, निकाल राखून ठेवतो, अठरा तारखेला साध्या उंचीच्या गाडीत या.

तिथून मी तडक बाजारामागच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. (हो, तोच, ज्याला तू जुनाट म्हणतोस.) त्याने जॅक लावून गाडी उचलली, चाक लोंबकळलं, आणि त्याने तुझी ती स्प्रिंग दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली. दोन बोटांनी! जिच्यावर माझ्या गाडीचा भार, ती तिच्या जागेत खुळखुळ्यासारखी सैल. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं तर ती जागेवरून सरकेल, असं तो म्हणाला. कापलेली स्प्रिंग ताठ होते, पण शॉकअप जुनाच, त्याला हा ताठपणा आवरत नाही, म्हणून चाक उडतं. गाडी खाली करायची तर स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने बनवलेले घालायचे, चाकांचा कोन आणि दिव्यांचा रोख पुन्हा लावायचा, आणि तरीही खड्डे, सामान आणि चार माणसं यांच्याशी तडजोड करायची. हे सगळं तुला माहीत आहे. तू शिकलास, तुझ्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगलंय. तरी ग्राइंडर हातात आला की तुझी अक्कल रजेवर जाते.

पुरे करते, नाहीतर रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा घ्यावी लागेल. सूनबाईला सांग की तिच्यावर माझा राग नाही.

जमिनीपासून चार बोटांवर उरलेली,
तुझी आत्या

ता. क. – खोटं बोलत नाही. परत येताना पुलाखालच्या त्या मोठ्या वळणावर गाडी जराही कलंडली नाही, रेघ ओढल्यासारखी गेली. खात्री करावी म्हणून मी पुन्हा वळसा घालून तिथून गेले. मग आणखी एकदा. हे कुणाला सांगू नकोस. पुढेमागे शिकवणी बंद केली, तर जोडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप घालून बोटभर खाली, बोटभरच, बघू.

ता. क. दुसरा – सतरा तारखेपर्यंत माझ्या गाडीत चार अखंड स्प्रिंगा हव्यात, कंपनीच्या उंचीच्या. कापलेल्यांना डाग देऊन जोडतो म्हणालास तर मी तुझ्या गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे पत्र वाचून दाखवीन. आणि त्याच दिवशी तुझी स्वतःची गाडीही वर उचल. ती तर माझ्यापेक्षाही खाली आहे.

ता. क. तिसरा – ती बाई म्हणजे तुझी आई. वहिनीने मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही, मी ती मोडली. दादाच्या डोळ्यांमुळे त्याचं गाडी चालवणं सुटलं, तेव्हा तू म्हणालास, मी आहे ना, मी सोडत जाईन. आठ महिन्यांपूर्वी तू तिला दवाखान्यात गुडघ्यांच्या व्यायामाला सोडलंस. तुझ्या त्या गाडीतून तिला उठताच येईना. तू फोनवर बोलत दुसरीकडे बघत होतास, तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याने तिला दोन्ही हातांना धरून ओढून बाहेर काढलं. तुला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नाव घातलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्याच गुडघ्यांनी पाऊण तास पायी दवाखान्यात जाते. परवा तू तिला विचारलंस म्हणे, की आई, हल्ली तू माझ्या गाडीत बसतच नाहीस. त्यावर ती हसून म्हणाली की तिला चालायला आवडतं. तिला चालायला अजिबात आवडत नाही.