जबड्यातला मनीप्लांट

४ फेब्रुवारी, सोमवार

समोरच्या नव्या दातांच्या दवाखान्यात माशांची काचपेटी आली! आमच्या दवाखान्यात काय? एक डुगडुगतं बाकडं, भिंतीवर किडक्या दातांचं चित्र आणि टेबलामागे मी. सकाळपासून एकच माणूस आत आला, तोही पत्ता विचारायला.

"असंच चाललं तर कुलूप लावावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं याच टेबलामागे गेली. या वयात मला नवी खुर्ची कोण देणार?

५ फेब्रुवारी

सापडलं! मासे त्यांना, पाला आम्हाला. आईच्या गॅलरीतल्या मनीप्लांटच्या फांद्या खुडून आणल्या. (आईला अजून कळलेलं नाही.) पण कुंड्या? तर माळ्यावर खोकंभर जुने जबडे निघाले — पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे. वरचा आणि खालचा जोडला, मध्ये माती, दातांमधून दोन पानं बाहेर. झकास!

बाई बघतच राहिल्या. "हा काय चरतोय का?"

८ फेब्रुवारी

अनर्थ. प्लास्टर पाण्याने मऊ पडलं आणि जबड्याचे पुढचे दोन दात टेबलावर गळून पडले. तेही बाकड्यावर एक आजोबा बसलेले असताना!

"इथे असं होतं होय?" म्हणाले आणि छत्री उचलून चालते झाले.

बाई आत वळल्या. खांदे हलत होते. हसत होत्या, दुसरं काय! उरलेल्या जबड्यांना आतून नेलपॉलिशचे दोन हात दिले. बाटली संपली. माझी नखं तशीच.

१३ फेब्रुवारी

आता हात थांबतच नाहीत. जुन्या खुर्चीचं चूळ टाकायचं चिनीमातीचं भांडं उकळत्या पाण्याने तीनदा घासलं — त्यात फर्न. चुळा भरायच्या पेल्यांत कोरफडीची पिल्लं. रबरी हातमोज्याच्या बोटांना भोकं पाडून माती भरली, मनीप्लांट खोचला आणि मोजा खिडकीत टांगला. लांबून वाटतं, कुणीतरी टाटा करतंय.

"चिलटं झाली तर झाडांबरोबर तूही बाहेर," बाई.

दुपारी एक चिमुरडी भोकाड पसरून आली. पानं खाणारा जबडा दिसला आणि रडं जागच्या जागी बंद! आपणहून आ करून म्हणाली, "माझ्यापण तोंडात झाड आहे का बघा."

बाईंनी वाकून पाहिलं. "बी दिसतंय खरं!"

आत काय झालं कोण जाणे, पण पोरगी हसत बाहेर आली.

१९ फेब्रुवारी

फर्न पिवळा. कोरफड कुजली. मी तर जपून पाणी घालते! मग जास्तीचं कोण घालतंय?

आज चोर सापडला. जेवायला निघाले आणि विसरलेली पिशवी घ्यायला परत फिरले. बघते तर डॉक्टरबाई! हातात ग्लास, फर्नपुढे वाकून — "हं, आ करा. शाब्बास! अजिबात दुखणार नाही."

मला हसू आवरेना.

"दात काय काढतेस?" बाई खेकसल्या.

"ते तुमचं काम!" म्हटलं.

मग दोघीही खाली बसून हसलो. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

२३ फेब्रुवारी

बाकडं भरलंय! पण दातांसाठी नाही. "तो हातमोजा विकत मिळेल का?" "असाच जबडा माझ्या नणंदेला द्यायचाय, अगदी तिच्यासारखा दिसतो." समोरच्या दवाखान्यात टेबलामागे बसणारी पोरगीसुद्धा एक पेला घेऊन गेली. झाडांना गिऱ्हाईक, दाढांना नाही! जे थोडे खरंच गाल धरून येतात, ते आत जातात आणि लगेच बाहेर. तिथून थेट रस्ता ओलांडून समोर. डोळ्यांदेखत! माझं डोकंच फिरलं.

"एवढं करूनही पळतातच मेले!" मी बाईंना म्हटलं.

बाईंनी फर्नचं एक पिवळं पान खुडलं.

२५ फेब्रुवारी

संध्याकाळी बाईंनी मला आतल्या खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "कुणी पळत नाही गं. मीच पाठवते त्यांना समोर. माझा हात थरथरतो आता." मग म्हणाल्या, "दातांचं पुरे झालं. ही जागा तू झाडांसाठी चालव. मी येऊन बसत जाईन."

मी त्यांचा हात हातात घेतला. खरंच थरथरत होता.